समुदायाधारित आरोग्यसंवर्धन

समुदायाधारित आरोग्यसंवर्धन : गाव, शहर किंवा जिल्हा यांतील समस्त लोकांच्या आहाराच्या, व्यायामाच्या व व्यसनांच्या सवयी बदलाव्यात म्हणून स्थानिक संस्था, शाळा, दुकानदार व आरोग्यसेवक यांच्या सहभागाने राबविलेला दीर्घ मुदतीचा कार्यक्रम. दवाखान्यात एकेका रुग्णाला पथ्य सांगितले जाते. येथे पथ्य पाळणे सर्वांनाच सोपे जाईल अशी परिस्थिती घडविण्यावर भर असतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. बहुतेक लेखक फिनलंडमधील उत्तर कारेलिया प्रकल्प व कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा तीन शहरांचा अभ्यास यांपासून आरंभ मानतात. दोन्ही १९७२ च्या सुमारास सुरू झाले. काहींच्या मते मूळ लंडनमधील पेकम प्रयोगात (१९२६) आहे. तेथे कुटुंबे वर्गणी भरून आरोग्यकेंद्राचे सभासद होत, तपासणी करून घेत आणि पोहण्याचा तलाव व इतर सोयी वापरत. मात्र हा प्रयोग सभासदांपुरता होता. त्या मानाने सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने दक्षिण आफ्रिकेतील फोलेला येथे १९४० मध्ये सुरू केलेले केंद्र अधिक जवळचे पूर्वरूप ठरते. घरोघरचे सर्वेक्षण, कुपोषणाच्या नोंदी, भाजीपाल्याच्या परसबागा आणि स्थानिक आरोग्य साहाय्यक ही पुढील कार्यक्रमांची बहुतेक अंगे तेथे आढळतात.

उत्तर कारेलियात १९७० च्या सुमारास ३५ ते ६४ वयोगटातील दर लाख पुरुषांमागे वर्षाला सुमारे ६७२ मृत्यू हृदयधमनीविकाराने होत. १९७१ मध्ये तेथील लोकप्रतिनिधींनी शासनाकडे मदतीचा अर्ज केला. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखालील पथकाने नुसती व्याख्याने दिली नाहीत. मार्था या गृहिणींच्या संघटनेने गावोगाव मेळावे भरवून स्वयंपाकाची प्रात्यक्षिके दाखविली. नेहमीचाच मांसाचा रस्सा चरबी व मीठ कमी आणि भाज्या अधिक घालून शिजवायचा आणि सर्वांनी मिळून खायचा. पावाला लोणी फासण्याची रीत घरोघरी होती. तिच्या जागी वनस्पती तेलाचे पदार्थ आले. हा बदल दूध उत्पादकांच्या पोटावर येणारा असल्याने विरोध झाला, तेव्हा शेतकऱ्यांना बेरीवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळविण्याचेही प्रयत्न झाले. आरोग्याच्या प्रश्नात शेतीचा विचार करणे, हे या प्रकल्पाचे मोठे वैशिष्ट्य मानावे लागेल.

२००६ पर्यंत वरील मृत्युदर सुमारे ८५ टक्क्यांनी घटला. यातील किती श्रेय प्रकल्पाचे, हा वादाचा मुद्दा आहे. तुलनेसाठी शेजारचा कुओपिओ प्रांत निवडला होता. पण घट तेथेही झाली आणि कालांतराने साऱ्या फिनलंडमध्ये झाली. शिवाय हजारो व्यक्ती तपासल्या, तरी कार्यक्रम प्रांताला लागू केलेला असल्याने संख्याशास्त्रीय दृष्ट्या तुलनेचे घटक दोनच उरतात. अमेरिकेत मिनेसोटा, पॉटकेट व स्टॅनफर्डच्या पाच शहरांतील कार्यक्रमांना १९८० च्या दशकात हीच अडचण आली : नियंत्रण शहरांतही (तुलनेसाठी निवडलेल्या, कार्यक्रम न राबविलेल्या शहरांतही) सवयी सुधारत गेल्याने फरक अल्प दिसला. यावरून कार्यक्रम निष्फळ ठरवणारे अभ्यासक आहेत. परंतु वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी व बाजारपेठ यांतून नव्या सवयी शहराच्या सीमा ओलांडतात, हे लक्षात घेता फरक पुसट होणे म्हणजे परिणामच न होणे, असा अर्थ काढणे घाईचे वाटते.

या कार्यक्रमांचा सैद्धांतिक आधार ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये स्पष्ट केला. मोजक्या अतिजोखमीच्या व्यक्तींवर उपचार करण्यापेक्षा संपूर्ण लोकसंख्येचा रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल थोडे खाली आणल्याने अधिक रोग टळू शकतात. मात्र त्यात प्रत्येक व्यक्तीचा प्रत्यक्ष लाभ अगदी थोडा असतो. लोकांचा उत्साह टिकविणे कठीण जाते, ते यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत संमत झालेल्या १९८६ च्या ओटावा सनदेने आरोग्याला पोषक परिस्थिती निर्माण करणे व सामुदायिक कृती यांना आरोग्यसंवर्धनात स्थान दिले.

बालकांतील स्थूलतेसाठी फ्रान्समधील फ्लरबे व लाव्हांती या गावांत १९९२ मध्ये शाळांपासून काम सुरू झाले. त्याच धर्तीवर २००४ मध्ये दहा फ्रेंच शहरांत ‘एपोड’ कार्यक्रम आला; तेथे नगरपालिकेने नेमलेला समन्वयक शाळा, उपाहारगृहे व क्रीडामंडळे यांची सांगड घालत असे.