छळाला कलम मिळालं, छप्पर राहून गेलं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहितांपैकी 25.2 टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. आधीच्या फेरीत हे प्रमाण 21.3 टक्के होतं. याच काळात देशाचा आकडा 31 वरून 29 टक्क्यांवर आला, आपला मात्र चढला. मार वाढला की बोलणाऱ्या वाढल्या, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. मला जास्त खटकतो तो दुसरा आकडा. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी 77 टक्के जणींनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. लाज, घराण्याची अब्रू ही कारणं आहेतच. पण सांगून झाल्यावर त्या रात्री जायचं कुठे, याचं उत्तर आपल्या कायद्याकडे फार उशिरापर्यंत नव्हतं.

कायद्याचा जुना कल तर बाईला सासरी धाडण्याचाच. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठेपणी त्यांनी नांदायला जायला नकार दिला, तेव्हा 1884 मध्ये नवऱ्याने मुंबईत दावा लावला. न्या. पिन्हे यांनी तो 1885 मध्ये फेटाळला, पण प्रकरण पुन्हा सुनावणीला आलं आणि 1887 मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. टिळकांचा 'केसरी' त्यांच्या विरोधात होता. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. इथे मारहाणीचा प्रश्न नव्हता, तरी नांदण्याला बाईची मर्जी लागते हे मान्य करायला किती जड गेलं ते दिसतं. वैवाहिक सहवास पुन:स्थापित करण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली आजही लावता येतो.

हुंडाबंदीचा कायदा 1961 मध्ये आला आणि बराच काळ कागदावरच राहिला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर चार ओळींची बातमी असायची, 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली'. पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह आणि अंगावर नायलॉनची साडी. खरे अपघातही होत, म्हणूनच खून आणि आत्महत्या त्यात खपून जात. जबाब घ्यायला कुणी येईपर्यंत सासरची माणसं खाटेशी उभी असायची आणि लेकरं त्यांच्याच ताब्यात. अशा वेळी बाई 'चहा करताना पदर पेटला' याखेरीज काय सांगणार? आकस्मिक मृत्यूची नोंद होऊन फाइल बंद व्हायची.

जून 1982 मध्ये पुण्यात लग्नाला चार महिने झालेली एक तरुणी सायनाइडने मरण पावली. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुराव्यात आली. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये, आत्महत्येची शक्यता उरते म्हणून, त्याला निर्दोष सोडलं. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वं सांगणारा निकाल म्हणून वकिलीच्या वर्गात तो अजून शिकवतात. पुण्यातल्या बायका मात्र त्या मृत्यूने रस्त्यावर आल्या होत्या. दिल्लीतही हुंडाबळींविरुद्ध मोर्चे निघत होतेच. त्या रेट्यातून 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत 498-अ आलं, आणि 1986 मध्ये लग्नापासून सात वर्षांच्या आतल्या हुंडाबळीसाठी 304-ब.

498-अ मुळे छळ हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा, दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक करता येणारा) गुन्हा झाला. तोवर साधी मारहाण म्हणजे 'एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतो, जा घरी' एवढंच. पण या कलमातून (2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत आहे) नवऱ्याला अटक होते, बायकोला खोली मिळत नाही. मार थांबावा, संसार राहावा, एवढंच जिला हवं असतं तिने फिर्याद दिली की दार बंद झालंच म्हणून समजा. म्हणून फिर्याद बहुधा माहेरी आल्यावरच दिली जाते, आणि माहेरच्या ठाण्यात ती घ्यायची की नाही यावरच वाद व्हायचा. तो सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये मिटवला. पोटगीची गत याहून वाईट होती. केंद्राच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली 2001 पर्यंत महिन्याला जास्तीत जास्त 500 रुपये! ऐंशीच्या दशकात संगमनेरचं समता आंदोलन आणि सांगली जिल्ह्यातली स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ परित्यक्तांसाठी वेगळं रेशनकार्ड आणि घरासाठी जागा मागत होती. शहरांतल्या मोर्चांइतकी त्यांची आठवण काढली जात नाही, पण प्रश्नाच्या मुळाला हात त्यांनीच घातला होता.

दरम्यान मधल्या वाटा तयार होत होत्या. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या मुख्यालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. 2000-01 मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र उघडलं. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाईसुद्धा दवाखान्यात येतेच. हात मोडलेला, कानाचा पडदा फाटलेला, गर्भ पडलेला, आणि केसपेपरवर 'पाय घसरून पडली'. तिथे तिला एकटीला बाजूला घेऊन विचारणारं कुणी हवं, हा त्यामागचा साधा हिशोब.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 ला लागू झाला, आणि घर कुणाच्याही नावावर असलं तरी बाईला तिथे राहण्याचा हक्क आहे असं प्रथमच लिहिलं गेलं. दोन महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात 15 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने बत्रा खटल्यात ठरवलं की सासूच्या मालकीचं घर यात धरता येणार नाही. आपल्याकडे नव्या जोडप्याचं घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असणं हीच रीत, त्यामुळे कायद्याचा कणाच मोडला. तो निकाल आहुजा खटल्यात रद्द व्हायला 2020 चा ऑक्टोबर उजाडला.

आता तो हक्क निकालातही पक्का आहे. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, तारखा त्यापुढे वर्षावर जातात. तोवर अर्जदार त्याच घरात त्याच माणसांबरोबर राहते, नाहीतर भावाच्या घरी हॉलमध्ये अंथरूण टाकते.