फीचर फ्लॅगचे सशर्त नियम

वेब अ‍ॅपमधली एखादी सोय, नवा कोड न चढवता, ठरावीक लोकांपुरती चालू किंवा बंद करणाऱ्या अटींचा संच. फ्लॅग म्हणजे कोडमधला नुसता खटका. तो कोणासाठी दाबायचा हे नियम ठरवतो. खटका लिहायला दोन ओळी पुरतात. घोळ होतो तो नियमात, आणि तिथेही तर्क चुकण्यापेक्षा अटीला पुरवलेली माहिती कच्ची असणे हेच कारण जास्त वेळा निघते.

अ‍ॅप प्रत्येक तपासणीच्या वेळी नियम तपासणाऱ्या इंजिनाला वापरकर्त्याचा संदर्भ देते : ओळख क्रमांक, भूमिका, तालुका, भाषा, आवृत्ती. बऱ्याच साधनांत नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळलेला नियम निकाल देतो. समजा, जळगाव जिल्ह्यातल्या केळी खरेदीच्या अ‍ॅपात ऑनलाइन काटापावती आणायची आहे. नियम असे लागतील : कर्मचारी असल्यास चालू, तालुका रावेर किंवा यावल आणि भूमिका व्यापारी असल्यास चालू, उरलेल्यांपैकी १० टक्क्यांना चालू, बाकी सर्वांना बंद. यात ‘चोपडा बंद’ ही अट टक्केवारीच्या खाली लिहिली, तर चोपड्यातल्या साधारण दहा टक्के लोकांना पावती दिसतच राहते.

टक्केवारी चिठ्ठ्या टाकून काढत नाहीत. फ्लॅगचे नाव आणि ओळख क्रमांक जोडून त्याचा हॅश, म्हणजे सूत्राने निघणारी ठरावीक संख्या, काढतात, त्याला १०० ने भागतात. बाकी ० ते ९ आली तर चालू. म्हणून तोच माणूस पुन्हा आला तरी निकाल बदलत नाही, आणि १० चे २५ टक्के केले तरी आधीचे लोक आतच राहतात. हॅशमध्ये फ्लॅगचे नाव घातले नाही, तर प्रत्येक नव्या प्रयोगाला तीच माणसे सापडतात. लॉगिन न केलेल्यांसाठी कुकीतला, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेल्या नोंदीतला, क्रमांक वापरावा लागतो. कुकी पुसली की माणूस नवा. वापरकर्ते ४० असतील तर १० टक्के म्हणजे नेमके ४ नव्हेत. कधी १ येईल, कधी ७.

ठिकाणाची अट खानदेशात विशेष फसवी. मोबाइल इंटरनेटचा आयपी पत्ता बऱ्याचदा कंपनीच्या मोठ्या शहरातल्या गेटवेचा असतो; त्यामुळे भुसावळचा माणूस मुंबईचा किंवा पुण्याचा ठरतो. तालुका नोंदणीच्या वेळी यादीतूनच निवडायला लावावा आणि नियमात नाव नव्हे, संकेतांक वापरावा. मुक्ताईनगर काही जुन्या नोंदींत एदलाबाद असते; अक्राणी तालुक्याचे ठाणे धडगाव, म्हणून लोक दोन्ही लिहितात; एरंडोल आणि एरण्डोल माणसाला एक, संगणकाला दोन. नकारार्थी अट त्याहून वाईट : ‘तालुका रावेर नाही’ ही अट काही साधनांत तालुका रिकामा असलेल्यांनाही लागू होते. भाषेचेही तसेच. अहिराणी बोलणाऱ्याचा फोन अनेकदा इंग्रजीत असतो आणि ब्राउझर तेच कळवतो, तेव्हा अहिराणी मजकुराचा फ्लॅग ब्राउझरच्या भाषेवर न टांगता वापरकर्त्याला विचारलेल्या पसंतीवर ठेवावा.

तारखेची अट जागतिक वेळेत लिहिली, तर ‘१ जून’चा फ्लॅग इथे पहाटे साडेपाचला उघडतो. आवृत्त्यांची तुलना मजकूर म्हणून केली, तर १० ही ९ पेक्षा लहान ठरते.

नियम सर्व्हरवर तपासावेत. ब्राउझरला आख्खी नियमावली पाठवली, तर तीत लिहिलेले चाचणीकर्त्यांचे मोबाइल क्रमांक कोणालाही वाचता येतात. फ्लॅगने बटण लपवले म्हणजे परवानगी नाकारली असे होत नाही. ती तपासणी वेगळीच हवी. नियम बदलला तरी परिणाम लगेच दिसेलच असे नाही : युनलीश या फ्लॅगच्या साधनाची नोड लायब्ररी, वेगळे काही सांगितले नाही तर, दर १५ सेकंदांनी नवे नियम आणते.

इंजिनाशी संपर्क तुटला तर काय, हे कोडमधले मूलभूत मूल्य, म्हणजे निकाल न मिळाल्यास धरायचे चालू किंवा बंद, ठरवते. सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याकडे, रेंज जाणे नित्याचे. म्हणून ब्राउझरवर अवलंबून असलेल्या फ्लॅगचे शेवटचे निकाल फोनवर साठवावेत. तेही नसतील तर जुनी, रुळलेली वाट उघडी राहावी. ‘नवी_पावती_बंद’ अशी उलटी नावे टाळावीत. अडचणीच्या वेळी अशा फ्लॅगचे मूल्य ‘खरे’ असणे म्हणजे पावती बंद की चालू, यातच माणूस अडखळतो.

जुने नाव नव्या कामाला वापरणे तर सर्वांत धोक्याचे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर जुनाच कोड राहिला होता. फ्लॅग चालू होताच तो जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला.

सोय सर्वांना खुली झाली की फ्लॅग काढून टाकावा. दहा फ्लॅग साचले तर चालू-बंदचे १,०२४ मेळ होतात आणि ते कोणी तपासत नाही. काढताना आधी कोडमधली तपासणी आणि जुनी वाट काढावी, तो कोड सर्व सर्व्हरवर पोहोचल्याची खात्री करावी, मगच फ्लॅग पुसावा. उलट क्रमाने केले तर मागे राहिलेला सर्व्हर मूलभूत मूल्यावर जातो आणि काटापावती अचानक गायब होते.