कलम 24 मध्ये दहा वर्षांची पळवाट नव्हतीच

ब्रेक्झिटच्या काळातला एक समज अजून फिरतो: करार न करता बाहेर पडूनही गॅट या जागतिक व्यापार कराराच्या कलम 24 मुळे ब्रिटनला युरोपीय संघाशी दहा वर्षं बिनशुल्क व्यापार करता आला असता. हे साफ चूक आहे.

ही सवलत एकट्याने घेता येत नाही. करार दोन्ही बाजूंना मान्य हवा. तो अंतरिम असेल तर परिच्छेद 5 सीनुसार अंतिम व्यवस्थेचा आराखडा आणि वेळापत्रकही हवं. दहा वर्षं ही त्या संक्रमणाची साधारण कमाल मुदत. करारच नसता, तर ब्रिटिश मोटारींवर युरोपात 10 टक्के शुल्क लागलंच असतं.

जुलै 2019 मध्ये बोरिस जॉन्सन याच कलमाचा हवाला देत होते. 5 सीमध्ये काय आहे ते माहीत आहे का, असं पत्रकार अँड्र्यू नील यांनी मुलाखतीत विचारलं. उत्तर आलं, 'नाही'. पंतप्रधानपदाच्या उंबरठ्यावरच्या माणसाचं हे अज्ञान गंभीरच.

पण मला जास्त खटकते ती सरकारची लपवाछपवी. वाईटात वाईट स्थितीत मालट्रक सीमेवर अडीच दिवसांपर्यंत अडकतील, असं 'यलोहॅमर' या करारविना ब्रेक्झिटच्या तयारीच्या योजनेच्या 2 ऑगस्टच्या सरकारी कागदात लिहिलं होतं. तो वर्तमानपत्रात फुटला, तरी सरकार ढिम्म. संसदेने ठराव करून भाग पाडलं, तेव्हा कुठे 11 सप्टेंबरला तो अधिकृतपणे जाहीर झाला.