नाना पाटेकर : मुरुडपासूनची चढ-उताराची वाट

नाना पाटेकरांचा जन्म १ जानेवारी १९५१ चा, मुरुड-जंजिऱ्याचा. सिद्दीचं संस्थान विलीन होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं होत होती. पोटापाण्यासाठी मुंबई गाठणं कोकणातल्या घरांना नवं नाही. पाटेकरांच्या घरात वडिलांचा कापडछपाईचा धंदा बुडाला आणि शाळकरी वयातच नानांना कमवावं लागलं. सिनेमाची पोस्टरं रंगवण्याचं काम आपण केल्याचं त्यांनीच मुलाखतींत सांगितलंय. पुढे जे. जे.मध्ये उपयोजित कलेचं शिक्षण झालं.

त्यांच्या अभिनयाची चर्चा बहुतेकदा ‘परिंदा’पासून सुरू होते. खरी घडण त्याआधीची, रंगभूमीवरची. विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी ‘हमीदाबाईची कोठी’, ‘महासागर’ आणि ‘पुरुष’ केलं. यातली शेवटची दोन नाटकं जयवंत दळवींची, म्हणजे वेंगुर्ल्याकडच्या आरवलीच्या लेखकाची. ‘पुरुष’मधला गुलाबराव हा सत्तेचा माज चढलेला पुढारी. त्याची किळस यावी आणि तरी त्याच्यावरून नजर हटू नये, हे नानांनी प्रयोगामागून प्रयोग साधलं. पडद्यावरच्या त्यांच्या खलपुरुषांची बीजं मला तरी या गुलाबरावात दिसतात.

सिनेमात मात्र सुरुवात बारीकसारीक कामांनीच झाली. ‘गमन’ (१९७८), ‘सिंहासन’ (१९७९) असं करत १९८६ साली एन. चंद्रांचा ‘अंकुश’ आला आणि बेकार तरुणांच्या त्या गोष्टीने नानांचा चेहरा हिंदी प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला. ‘परिंदा’ (१९८९) ही त्यापुढची मोठी उडी. त्यातला अण्णा दुसऱ्यांचे जीव सहज घेतो आणि आगीला मात्र घाबरतो. ती भीती आवाज न चढवता दाखवली म्हणून अण्णा अंगावर येतो. सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार या भूमिकेला मिळाला.

नंतरची सात-आठ वर्षं भरतीची. ‘प्रहार’ (१९९१) त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला, त्यासाठी मराठा लाइट इन्फन्ट्रीत प्रशिक्षण घेतलं. ‘क्रांतिवीर’ला (१९९४) सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार, ‘अग्निसाक्षी’ला (१९९६) पुन्हा सहायक अभिनेत्याचा. नायक, सहायक आणि खलनायक या तिन्ही गटांत फिल्मफेअरही त्यांच्या नावावर आहे. चरित्र अभिनेत्याच्या नावावर थिएटर भरू लागलं.

ओहोटीची सुरुवातही तिथेच झाली, असं मला वाटतं. ‘क्रांतिवीर’मधल्या भाषणावर इतक्या टाळ्या पडल्या की लेखक-दिग्दर्शक पुढे त्यांच्यासाठी भूमिकेऐवजी भाषणंच लिहू लागले. ‘वजूद’ आणि ‘युगपुरुष’ (दोन्ही १९९८) पडले. गंमत म्हणजे १९९६ सालीच ‘खामोशी’त त्यांनी मूकबधिर बाप उभा केला होता, एकही संवाद न बोलता. तो सिनेमाही तेव्हा चालला नाही. न ओरडणारा नाना प्रेक्षकांना नको होता आणि ओरडणारा हळूहळू पुरे झाला होता.

मधली काही वर्षं कामं कमीच होती. ‘अब तक छप्पन’ (२००४) आला तो साधू आगाशेला घेऊन, एन्काउंटर करणारा, घरी साधा आणि बोलायला कोरडा पोलीस अधिकारी. राग तोच, पण आता दाताखाली दाबलेला. ‘अपहरण’ने (२००५) खलनायकीचा मान पुन्हा मिळवून दिला. ‘वेलकम’मध्ये (२००७) तर त्यांनी स्वतःच्या डरकाळीचीच टिंगल केली, आणि त्यातला त्यांचा उदय शेट्टी आजच्या पोरांच्याही तोंडी आहे. मराठीत ‘पक पक पकाक’, ‘देऊळ’ झाले, आणि १ जानेवारी २०१६ रोजी, त्यांच्या ६५व्या वाढदिवशी, ‘नटसम्राट’ झळकला. शिरवाडकरांचे पल्लेदार संवाद म्हणायला रंगभूमीवर तासलेलाच आवाज लागतो. तो त्यांच्याकडे होता. सिनेमाला तुफान गर्दी झाली.

२०१८ मध्ये अभिनेत्री तनुश्री दत्ता यांनी दहा वर्षांपूर्वीच्या चित्रीकरणावेळी गैरवर्तन केल्याचा आरोप केला. नानांनी तो फेटाळला, पण ‘हाऊसफुल ४’मधून ते बाहेर पडले. २०१९ मध्ये पुरावा नसल्याचा अहवाल पोलिसांनी न्यायालयात दिला, त्यालाही दत्ता यांनी विरोध केला. या सगळ्यानंतर ते पडद्यावर फारसे दिसेनासे झाले. २०२४ अखेरच्या ‘वनवास’मध्ये मुलांनी बनारसला सोडून दिलेल्या विसरभोळ्या बापाची मध्यवर्ती भूमिका त्यांना मिळाली, पण तिकीटबारीवर तो सिनेमा टिकला नाही.