व्हिला आणि होमस्टेच्या साफसफाईचा व्यवसाय: महाराष्ट्रात नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

पाहुणे सकाळी अकराला खोल्या सोडतात, नवे दुपारी दोनला दारात उभे असतात. मधल्या तीन तासांत चादरी बदलणे, बाथरूम घासणे, किचनमधली खरकटी भांडी आवरणे हे काम लोणावळा, अलिबाग, कर्जत, महाबळेश्वरकडे आता ठेक्याने दिले जाते. ते घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो: यासाठी लायसन लागते का?

सफाईच्या कामासाठी वेगळा परवाना नाही, फक्त व्यवसाय म्हणून पुढे दिलेल्या नोंदण्या लागतात. शिक्षणाची अट नाही, अनुभवाचा दाखलाही कोणी मागत नाही. अठरा वर्षे पूर्ण, पॅन, आधार आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर एवढ्यावर एकट्या मालकीचा व्यवसाय उभा राहतो. मालकीच्या व्यवसायाला वेगळे पॅनही लागत नाही, मालकाचेच चालते. भागीदारी असेल तर मात्र भागीदारीपत्र आणि भागीदारी संस्थेचे स्वतंत्र पॅन आधी तयार ठेवा.

अर्ज अडकतात ते पात्रतेवर नाही, नाव आणि पत्त्यावर. म्हणून पोर्टल उघडण्यापूर्वी एक संध्याकाळ कागद जुळवण्यात घालवा.

आधी नाव आणि पत्ता

पॅनवर नुसते नाव-आडनाव आणि आधारवर वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासह पूर्ण नाव, हा नेहमीचा घोळ. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर हमखास. जन्मतारीख एका जागी वेगळी असली तरी पडताळणी तिथेच थांबते. दुरुस्ती आधी करा, नोंदणी नंतर.

व्यवसायाचा पत्ता म्हणजे तुमचा स्वतःचा, ज्या व्हिला साफ करता त्यांचा नव्हे. राहत्या घराचा पत्ता चालतो. घर स्वतःचे असेल तर वीजबिल किंवा घरपट्टीची पावती पुरते. गावात ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा (घराच्या कर आकारणीची नोंद) काढून ठेवा. घर वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचे संमतीपत्र आणि त्यांच्याच नावाचे वीजबिल, दोन्ही लागतात. भाड्याची जागा असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारच ठेवा, नुसत्या नोटरीवर विसंबू नका. करार एका भावाच्या नावाने आणि वीजबिल दुसऱ्या भावाच्या नावाने असले की अधिकारी विचारणारच. मालकाकडून आधीच चार ओळींचा खुलासा सहीनिशी घेऊन ठेवा.

सगळ्या अर्जांत पत्ता अक्षरशः एकसारखा लिहा. एकीकडे "फ्लॅट नं. 3" आणि दुसरीकडे "सदनिका 3, पहिला मजला" असे झाले की बँकेत पुन्हा स्पष्टीकरण देत बसावे लागते.

उद्यम नोंदणी

उद्यम म्हणजे लहान-मध्यम उद्योगांची केंद्र सरकारची नोंदणी. जुन्या उद्योग आधारच्या जागी 1 जुलै 2020 पासून ती आली. नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते आणि कागद अपलोड करावे लागत नाहीत, माहिती स्वतःच घोषित करायची असते. सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळे शोधात वर दिसतात आणि "फी" म्हणून पैसे घेतात. पैसे मागितले की समजा, भलत्या पानावर आहात.

आधार क्रमांक, ओटीपी, मग पॅन. त्यानंतर व्यवसायाचे नाव, पत्ता, बँक खाते, सुरू केल्याची तारीख, स्त्री-पुरुष कामगारांची संख्या. प्रकार विचारला की "सेवा" निवडा. इमारतींच्या सर्वसाधारण सफाईचा एनआयसी कोड (कामाचा प्रकार सांगणारा सरकारी क्रमांक) 81210 आहे. चादरी-टॉवेल धुण्याचे कामही घेणार असाल तर ते याच नोंदणीत जास्तीचे काम म्हणून जोडा, एका उद्योगाला दुसरी उद्यम नोंदणी काढता येत नाही. प्रमाणपत्राचे नूतनीकरण नसते.

शॉप ॲक्ट, म्हणजेच गुमास्ता

2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार लहान आस्थापनेने नुसती सूचना द्यायची असते, मोठीने नोंदणी करायची असते. ही मर्यादा आधी 10 कामगारांची होती, 2025 च्या दुरुस्तीने ती 20 झाली. म्हणजे या धंद्यातल्या बहुतेकांना सूचनाच पुरते. व्यवसाय सुरू झाल्यापासून 60 दिवसांच्या आत ती ऑनलाइन द्यायची.

मालकाचा फोटो, सही, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि नामफलकाचा फोटो तयार ठेवा. अर्ज परत येण्याचे एक कारण हा फलक. नाव मराठीत, देवनागरी लिपीत हवे, आणि सोबत दुसऱ्या भाषेत लिहिले असेल तर मराठी अक्षरे त्याहून लहान चालत नाहीत. घरातून काम असले तरी दारावर साधी पाटी लावा आणि दार व पाटी दोन्ही दिसतील असा फोटो काढा. कॉम्प्युटरवर बनवलेले चित्र चिकटवले की ते ओळखू येते.

चालू खाते उघडायला बँका मालकीच्या व्यवसायाकडे साधारण दोन पुरावे मागतात. उद्यम आणि शॉप ॲक्टची पावती हीच ती जोडी. म्हणून खाते या दोन्हींनंतर उघडा. तोवर उद्यममध्ये बचत खाते दिले असेल तर नंतर बदलून घ्या.

व्यवसाय कर

हा सगळ्यात जास्त विसरला जातो. मालकाने स्वतःसाठी पीटीईसी (स्वतःचा व्यवसाय कर भरण्याची नोंदणी) काढायचे, वर्षाला 2500 रुपये, मुदत 30 जून. पीटीआरसी, म्हणजे कामगारांचा कर कापून भरण्याची नोंदणी, लागते ती पगारातून कर कापायचा असेल तेव्हा. पुरुष कामगाराचा पगार महिना 7500 रुपयांच्या वर गेला की कपात सुरू होते. स्त्रियांना 25,000 रुपयांपर्यंत हा कर नाही. त्यामुळे फक्त बायकाच कामाला असतील आणि पगार या मर्यादेत असतील तर पीटीआरसीची वेळच येत नाही. एक पुरुष ड्रायव्हर ठेवला की येते.

जीएसटी: केव्हा, आणि केव्हा नाही

राज्यात सेवेसाठी मर्यादा वर्षाला 20 लाख रुपयांच्या उलाढालीची आहे. इथे फसगत होते ती बेरजेत. समजा सफाईचे महिना 1,40,000 रुपये होतात आणि चादरींची धुलाई, साबण, टिश्यू यांचे 30,000 तुम्ही व्हिलाच्या मालकाच्या बिलात लावता. सफाईची वर्षाची रक्कम 16,80,000 दिसते, म्हणून निर्धास्त राहता. पण बिलात लावलेले सगळे धरले की 20,40,000 होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. शिवाय उलाढाल पॅनवर मोजतात. त्याच पॅनवर किराणा दुकान असेल तर तेही त्यात आले. मर्यादा ओलांडल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा.

ग्राहक एक-दोन बंगल्यांचे घरमालक असतील तर पहिल्या वर्षी जीएसटी स्वतःहून घेऊ नका. त्यांना 18 टक्के नुसता वाढीव खर्च वाटतो, आणि तुम्हाला काम नसलेल्या महिन्याचेही विवरण भरावे लागते. अशा शून्य उलाढालीच्या विवरणाला उशीर झाला तरी दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क चढते. अनेक व्हिला चालवणारी कंपनी ग्राहक असेल तर गोष्ट वेगळी, ती जीएसटीचे बिल मागतेच.

अर्जाचा पहिला भाग भरला की तात्पुरता क्रमांक मिळतो, तो 15 दिवस चालतो. त्या मुदतीत दुसरा भाग आणि कागदपत्रे पूर्ण करा. सेवेचा कोड 998533. चादरी, यंत्रे दुसऱ्या खोलीत ठेवत असाल तर ती जागा "अतिरिक्त ठिकाण" म्हणून दाखवा. अधिकाऱ्याने शंका काढली तर उत्तराला कामाचे सात दिवस मिळतात. शंका बहुतेक वेळा पत्त्याच्या पुराव्याची असते. म्हणून ईमेल रोज पाहा.

घरीच मशीन लावून धुलाई करणार असाल तर महावितरणच्या बिलाकडे लक्ष ठेवा. घराच्या एका भागातून चालणाऱ्या व्यवसायाला घरगुती दर मिळतो तो महिना 300 आणि वर्षाला 3600 युनिटपर्यंतच. दोन मशीन आणि इस्त्री रोज चालली की हा आकडा लवकर गाठला जातो.

माणसे वाढली की

दहा कामगार झाले की ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा (21,000 रुपयांपर्यंतच्या पगाराला) आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. वीस झाले की पीएफ. शनिवार-रविवारी रोजंदारीवर येणाऱ्या बायकाही या मोजणीत धरल्या जातात, हजेरीची वही त्यासाठी ठेवा.

रिकाम्या घराच्या किल्ल्या तुमच्या माणसांकडे असतात. व्हिलाचे मालक पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागतात. तो कामगाराने स्वतःच्या नावे राज्य पोलिसांच्या पोर्टलवर काढायचा असतो, हंगामाच्या तोंडावर नाही, महिनाभर आधी.

आणि मालकाशी होणाऱ्या करारात एक ओळ घालाच: सेप्टिक टाकी आणि तिचे चेंबर यांचे काम आमच्याकडे नाही. गावाकडच्या बहुतेक व्हिलांना टाकी असते, पाहुणे तीत काहीबाही टाकतात, आणि रविवारी दुपारी मालकाचा फोन येतो, "जरा झाकण उघडून बघ ना." सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते काम यांत्रिक सक्शन गाडीवाल्याचे, आणि त्याचे बिल परस्पर मालकाच्या नावाने.