कातळकडे व माळराने : जलरंगातील चित्रण

वाळवंट, थरांचे कडे, खोल दऱ्या, उजाड माळ अशा विरळ झाडोऱ्याच्या भूप्रदेशाचे पारदर्शक जलरंगात केलेले निसर्गचित्रण. सातारा जिल्ह्यात त्याचे दोन अगदी भिन्न विषय जवळजवळ सापडतात : पश्चिमेस महाबळेश्वर–पाचगणीचे कडे व कासचे पठार, पूर्वेस माण–खटावचा माळ. सांगलीतील आटपाडी व जतचा भाग दृश्यदृष्ट्या माणदेशाशीच जोडावा लागतो.

या प्रकाराचा परिचित नमुना अमेरिकेतून आला. चित्रकार टॉमस मोरान (१८३७–१९२६) याने १८७१ मध्ये यलोस्टोनच्या सर्वेक्षणात जलरंगातील अभ्यासचित्रे केली आणि १८७३ मध्ये सर्वेक्षक जॉन वेस्ली पॉवेलबरोबर तो ग्रँड कॅन्यनला गेला. रंगीत कागद व जोडीला अपारदर्शक पांढरा ही त्याची नेहमीची रीत. विल्यम हेन्री होम्स याची १८८२ च्या भूशास्त्रीय नकाशासंग्रहातील दृश्ये मात्र रेषाप्रधान असून त्यांत थर न् थर मोजता येतो. सह्याद्री रंगवणाऱ्याला मोरानपेक्षा होम्स अधिक उपयोगी आहे. मोरानचे तांबडे–नारिंगी कडे हे गाळाच्या खडकांचे, म्हणजे वालुकाश्म, चुनखडी व शेल यांचे आहेत. साताऱ्याचे कडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या प्रवाहांचे, म्हणजे बेसाल्टचे. ‘ट्रॅप’ हे त्यांचे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून पडले. हा दगड काळसर करडा, उघड्यावर तपकिरी पडलेला. खरा तांबडा रंग फक्त माथ्यावरच्या जांभ्यात आणि दोन प्रवाहांमधील तांबड्या मातीच्या अरुंद पट्ट्यांत दिसतो. सबंध कडा बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरीने रंगवून सावलीत जांभळा भरला की चित्र देखणे होते, पण ते साताऱ्याचे राहत नाही.

महाराष्ट्रात पारदर्शक जलरंगाचा प्रसार मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयामार्फत (स्थापना १८५७) झाला. सेसिल बर्न्स प्राचार्य असताना, विसाव्या शतकाच्या आरंभी, त्याला विशेष बळ मिळाले असे सामान्यतः मानले जाते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (सुमारे १८६०–१९३१) यांची निसर्गचित्रे या परंपरेतील आद्य उदाहरणांत गणली जातात. त्यांचे विषय मुख्यतः पाणवठे व झाडी हे आहेत. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते व त्यांनी १९३८ मध्ये तेथे श्रीभवानी संग्रहालय उभारले.

पिवडी : माळाच्या वाळल्या गवताचा मूळ रंग म्हणून जुने चित्रकार पिवडीचे नाव घेतात. या शब्दाने घोटाळा होतो. मराठीत पिवडी म्हणजे भिंतींना लावायची पिवळी माती, म्हणजेच यलो ओकर, लोहाच्या सजल ऑक्साइडने रंगलेली. उत्तरेकडील लघुचित्रांतली पिउरी हे मात्र युक्झँथिक आम्लाच्या मॅग्नेशियम व कॅल्शियम क्षारांचे सेंद्रिय द्रव्य होय. तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये कळवले, की मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावी केवळ आंब्याची पाने व पाणी यांवर ठेवलेल्या गाईंच्या मूत्रापासून ती बनते. हा वृत्तान्त बराच काळ निमूट उद्धृत होत राहिला. २००२ च्या सुमारास त्याला स्थानिक दुजोरा मिळत नसल्याचा आक्षेप पुढे आला व काहींनी ती दंतकथाच ठरवली. अलीकडच्या रासायनिक विश्लेषणांचा कौल पुन्हा मूत्रोद्भवाच्या बाजूने आहे व तोच अधिक ग्राह्य वाटतो. दोन्ही नावे एकाच द्रव्याची समजणे चूक. माळासाठी लागते ती माती : टिकाऊ, स्वस्त, किंचित अपारदर्शक. कॅडमियम यलोने तेच गवत मोहरीच्या शेतासारखे दिसते.

रंगयोजना : उजेडातील बेसाल्टला आधी रॉ सिएनाचा (पिवळसर तपकिरी) अगदी पातळ वॉश, म्हणजे पाणी घालून पसरलेला रंगाचा थर, द्यावा व तो पूर्ण वाळल्यावर अल्ट्रामरीन (गडद निळा) दोन भाग आणि बर्न्ट सिएना एक भाग या करड्याने थर उठवावेत. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात. हा गुण कातळाला उपकारक, आकाशाला नडणारा. जांभ्यासाठी लाइट रेड (विटकरी तांबडा) पुरतो. दूरच्या रांगांना कोबाल्ट निळा व त्यात नावापुरता लाइट रेड. प्रत्येक मागची रांग पुढचीपेक्षा ठळकपणे फिकी हवी.

रेखांकन : बहुतेक चित्रे रंगाने नव्हे, येथेच बिघडतात. थर जवळजवळ आडवे असल्याने त्यांच्या रेषा डोळ्यांच्या पातळीवरच्या बिंदूकडे जातात. त्या पातळीच्या वरचे थर दूर जाताना उतरतात, खालचे चढतात. महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटवरून दरीत पाहताना जवळपास सर्व थर पातळीखाली असतात. वाईहून कडा पाहताना वर. दोन्ही एकाच चित्रात मिसळले की कडा वितळल्यासारखा वाकतो.

कृती : पाव इंपिरियल (सुमारे २८ × ३८ सेंमी.), दर चौ. मी. ३०० ग्रॅम वजनाचा सुती, खरबरीत कागद. २०० ग्रॅमचा कागद आधी भिजवून, ताणून चिकटपट्टीने बोर्डावर बसवावा, नाहीतर पहिल्याच वॉशला फुगतो. आकाशाचा रंग आधीच दोन–तीन चमचे कालवून ठेवावा; मध्येच कालवायला थांबले की कड वाळते. पुढे लांबच्या रांगा, कड्याचा उजेड, सर्व सावल्या एकाच वॉशमध्ये, आणि शेवटी कोरड्या ब्रशने गवत व मुरूम. कोरड्या ब्रशचा सोस आवरावा. चित्रभर वापरला तर जवळ–लांब उरत नाही. वॉशची चकाकी नुकतीच जाताना सुरीच्या बोथट टोकाने ओढल्यास कातळाच्या उजळ कडा निघतात. त्याआधी ओढल्यास रंग चरीत उतरून रेघ उलट काळी पडते.

माणमध्ये एप्रिलच्या दुपारी वॉश कागदाच्या टोकाला पोचण्याआधीच वाळतो. कागद दोन्ही बाजूंनी ओला करणे, बोर्ड सावलीत धरणे, पाण्यात ग्लिसरीनचे दोन–तीन थेंब टाकणे हे उपाय. ग्लिसरीन जास्त झाले तर रंग चिकट राहून उडती धूळ धरतो. वड्यांचे रंग या हवेत तडकतात, म्हणून ट्यूब बऱ्या. महाबळेश्वरला पावसाळ्यात उलट अडचण : वॉश वाळतच नाही, आणि अर्धवट ओल्या वॉशवर अधिक पाण्याचा ब्रश टेकला की पाणी रंग ढकलत नेऊन दातेरी कडेचा डाग पाडते. तो खरवडू नये. पूर्ण वाळू देऊन सावलीच्या वॉशखाली घ्यावा. सावलीवर तिसरा हात दिल्यास खालचा थर सुटून रंग मळतो.

कड्याचे थर तिरक्या उजेडातच वाचता येतात. केट्स पॉइंट व कृष्णेच्या खोऱ्याकडील पूर्वाभिमुख कडे सकाळी दहापर्यंत, सावित्रीच्या दरीकडील आर्थर सीट दुपारी चारनंतर. माळाला असे बंधन कमी. तेथे ढगांच्या सरकत्या सावल्याच आकार देतात. त्या प्रथम पेन्सिलीने आखून घ्याव्यात व पुढे बदलल्या तरी बदलू नयेत.