सिनेटच्या भिंतीवरचा चिखल

माद्रिदच्या सिनेटमध्ये, म्हणजे स्पेनच्या संसदेच्या वरच्या सभागृहात, साडेपाच मीटर रुंद आणि 3.3 मीटर उंच असं एक तैलचित्र आहे, 'ग्रानादाची शरणागती'. 2 जानेवारी 1492चा प्रसंग. ग्रानादाचा शेवटचा सुलतान बोआब्दिल काळ्या घोड्यावरून शहराच्या किल्ल्या सोपवायला आला आहे. समोर पांढऱ्या घोड्यावर राणी इसाबेल, शेजारी राजा फर्नांदो, लांबवर सुलतानांचा किल्ला-महाल अल्हाम्ब्रा. सिनेटने हे काम 1878मध्ये चित्रकार फ्रान्सिस्को प्रादियाला दिलं आणि 1882मध्ये ते पुरं झालं.

पाहणाऱ्याची नजर किल्ल्यांकडे जाते. माझी मात्र रस्त्यावरच अडते. तुडवलेली, ओलसर माती आणि तिच्यात चाकांनी पाडलेल्या खऱ्याखुऱ्या चाकोऱ्या! (आपण तो शब्द आता फक्त 'चाकोरीबाहेर'पुरता ठेवलाय.)

माती ओली आहे हे कळतं कशावरून? मुख्यतः तिच्या गडदपणावरून. अंगणात तांब्याभर पाणी ओता, तेवढाच भाग काळपट होतो. पाण्याला तर रंग नाही! गंमत कणांमधल्या फटींत आहे. कोरड्या मातीत तिथे हवा असते. हवेचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचं माप) 1, मातीतल्या खनिजांचा साधारण 1.5. एवढ्या फरकामुळे प्रकाश कणाकणावर विखुरतो आणि बराचसा माघारी येतो. फटींत पाणी शिरलं की 1ची जागा 1.33 घेतो आणि विखुरणं मंदावतं. प्रकाश आणखी खोल जातो, वाटेत शोषला जातो, आणि डोळ्यापर्यंत कमीच पोचतो.

आता चित्रकाराच्या पॅलेटकडे या. तपकिरी रंग म्हणजे बहुधा मातीचीच पूड, आणि पाण्याच्या जागी जवसाचं तेल, अपवर्तनांक 1.48. कोरडी पूड तेलात घोटली की गडद होते, अगदी त्याच कारणाने. थोडक्यात, ओली माती रंगवायला माती ओलीच करावी लागते.

राणीच्या घोड्याचं काम उलटं. खडूची पूड तेलात कालवली तर पांढरी राहत नाही, मळकट आणि अर्धपारदर्शक होते, कारण तिचा अपवर्तनांक तेलाच्या फार जवळ आहे. म्हणून तैलचित्रात शिशाचा किंवा जस्ताचा पांढरा लागतो. त्यांचा अपवर्तनांक 2च्या आसपास, त्यामुळे ते तेलातही उजळ राहतात.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यानंतरही त्याचा अपवर्तनांक वर्षानुवर्षं किंचित वाढत राहतो, खनिजांच्या आणखी जवळ सरकतो. म्हणून जुन्या तैलचित्रांतले तपकिरी थर काळाबरोबर अधिकच ओले दिसू लागतात.